खाज जात नाही? मग रक्त तपासा

खाज म्हटली की खरूज, नायटा नाहीतर घामोळे. पुसदच्या उन्हाळ्यात बहुधा हे खरेही असते. पण काही रुग्णांच्या अंगावर पुरळ नसते, नुसते ओरखडे दिसतात. दुकानातून आणलेल्या मलमाच्या चार-पाच ट्यूब संपल्या तरी खाज कायम, अशी तक्रार घेऊन ते माझ्याकडे येतात.

अशी खाज आतल्या आजाराची सूचना असू शकते. कावीळ, मूत्रपिंड व थायरॉईडचे विकार ही नेहमीची कारणे. क्वचित मात्र मूळ रक्ताच्या कर्करोगात निघते. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णन केलेल्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात गाठ लक्षात येण्याआधीच खाज सुरू होऊ शकते. पॉलिसायथेमिया व्हेरा या विकारात रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि आंघोळीनंतर असह्य खाज सुटते.

सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली खाज, सोबत कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, बारीक ताप, घटते वजन किंवा मान, काख, जांघेत न दुखणारी गाठ असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि सीबीसी करून घ्या. गाठ क्षयाचीही असू शकते. म्हणून तिचा तुकडा तपासणे महत्त्वाचे. त्याने रोग पसरतो हा गैरसमज आहे.

मनाने स्टेरॉईड घेऊ नका. खाज दबते, गाठही तात्पुरती विरते आणि निदान लांबते. हॉजकिनचे बहुतेक रुग्ण वेळेवर उपचार मिळाल्यास बरे होतात. घाबरू नका, पण खाजवत बसू नका.