हे बटण बंद करू नये

कुणाच्याही घरी गेलं की भिंतीवरच्या बटणांकडे एकदा नीट पाहावं. ज्या बटणावर चिकटपट्टी लावलेली असते, त्यावरून त्या घराची अर्धी कुंडली मांडता येते. पट्टी फ्रिजच्या बटणावर असेल, तर घरात वीज वाचवणारे आजोबा आहेत. फिश टँकच्या पंपावर असेल, तर मासे एकदा मेलेले आहेत. आणि इंटरनेटच्या डबीच्या बटणावर असेल, तर घरातलं कुणीतरी घरून नोकरी करतं आणि केर काढणाऱ्या मावशींशी त्याचं एकदा चांगलंच वाजलेलं आहे.

पट्ट्यांच्याही जाती आहेत. वायरमनची काळी, दवाखान्यातली पांढरी आणि तिच्यावर लाल शाईनं 'फ्रिज', किंवा पिवळी पडलेली पारदर्शक. एका घरी मी फ्रिजच्या बटणावर साबणाच्या डबीचं झाकण स्क्रूनं बसवलेलं पाहिलं आहे. दुसऱ्या एका घरी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून बटणावर चिकटवला होता, त्यावरचा गणपती तसाच ठेवून. गृहिणीचा हिशेब असा, की गणपतीवर कुणी बोट दाबणार नाही. आणि तो खरा ठरला होता!

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. पण चुकून दाबल्या गेलेल्या बटणानं काय काय होऊ शकतं, हे शोधत गेलं की माणूस फ्रिजपासून निघून कुठल्या कुठे पोचतो.

आधी आपल्या भिंतीवरचंच पाहू. जुन्या घरांत लाकडी पाटीवर बॅकलाइटचे काळे गोल खटके असायचे. खटका हा शब्दच त्या आवाजावरून आलेला वाटतो. तो पाडायला अंगठ्याचा जोर लागे आणि बोर्डही इतका उंच, की आम्हां पोरांना स्टूल घ्यावं लागे. आता बोर्ड उशाशी आले, सोफ्याच्या मागे गेले, ओट्याच्या वर बसले. बटणं चपटी, रुंद आणि गुळगुळीत झाली. कोपर लागलं तरी पुरे. दिसायला छान, पण भिंतीवर सहा सारखी बटणं ओळीनं बसवायची आणि मग पाहुण्यानं पंखा लावताना आधी तीन दिवे लावून बघायचे, हा प्रकार मला कधीच पटलेला नाही.

आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे बटण खाली दाबलं की चालू, ही इंग्रजांची रीत. अमेरिकेत नेमकं उलट, वर केलं की चालू. (मुलाकडे सहा महिने राहायला गेलेले आईवडील तिथे पहिले चार दिवस अंधारात चाचपडतात, ते यामुळे.) आता खुंटीवरून घसरणारी पिशवी, भिंतीला घासून खाली येणारा झाडू, कपाटावरून ओघळणारी चादर या सगळ्या गोष्टी वरून खालीच येणार. म्हणजे आपल्याकडे असा धक्का बसलाच, तर तो बटण बंद करण्याऐवजी चालू करण्याची शक्यता जास्त.

आणि खरी भीती तिथेच आहे. चुकून बंद झालेल्या बटणानं बहुधा नुकसान होतं. दूध नासतं, लिहिलेलं पुसलं जातं. अर्थात हे नुकसानही कधी कधी मोठं असतं. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. लसींच्या फ्रिजचं बटण शनिवारी संध्याकाळी कुणी सवयीनं बंद करून गेलं, तर सोमवारी सगळा साठा संशयास्पद ठरतो. म्हणून ब्रिटनमध्ये लसीकरणाची जी सरकारी मार्गदर्शिका आहे, तिच्यात या फ्रिजसाठी बटण नसलेलाच प्लग पॉइंट वापरावा किंवा त्यावर ठळक सूचना लावावी, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. बटण नकोच, म्हणजे ते बंदही होणार नाही! याहून साधा उपाय कुठला?

पण चुकून चालू झालेलं बटण माणूस मारू शकतं. बादलीत टाकायचा पाणी तापवायचा रॉड घ्या. बटण बंद आहे या समजुतीनं बाई पाण्यात हात घालते. बिघडलेल्या इस्त्रीची वायर कुणी उघडून बसलेलं असतं. पंख्याचं कपॅसिटर बदलायला कुणी स्टुलावर चढलेलं असतं. आणि दुसऱ्या खोलीतून आलेला माणूस, 'अरे, इथे उकडतंय केवढं,' म्हणत बटण दाबतो.

संगणकवाल्यांच्या बोलीत 'मॉली गार्ड' असा एक शब्द आहे. आयबीएमच्या ४३४१ या मोठ्या संगणकाला एक लाल, ठसठशीत बटण होतं. तिथल्या एका प्रोग्रॅमरची चिमुरडी मुलगी कामाच्या जागी आली आणि तिनं ते दाबलं. सगळं यंत्र ठप्प. ते पुन्हा सुरू केलं, तर त्याच दिवशी तिनं ते दुसऱ्यांदा दाबलं. लाल आणि मोठं बटण समोर असताना कुठलं मूल हात आखडून बसेल? मग तिथल्या लोकांनी त्यावर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण बसवलं. मुलीचं नाव मॉली होतं. आज जगभर अशा झाकणांना तिचं नाव आहे.

दुसरी एक मुलगी याहून मोठ्या जागी पोचली. अपोलो यानांच्या संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या चमूच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन आपल्या लहान मुलीला सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत नेत. ती पोर एकदा नकली यानाच्या कळांशी खेळत होती. 'उड्डाण' सुरू असतानाच तिनं उड्डाणापूर्वीचा कार्यक्रम निवडला आणि सगळं कोलमडलं. हॅमिल्टनबाईंना वाटलं, अंतराळवीरही चुकून हे करू शकेल, तेव्हा संगणकानं अशी आज्ञा नाकारावी. वरिष्ठांनी सांगितलं, आमची माणसं उत्तम तयार झालेली आहेत, ती असं करणार नाहीत. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राकडून परत येत असताना जिम लॉव्हेल या मुरलेल्या अंतराळवीरानं नेमक्या त्याच कळा दाबल्या. यान अजून जमिनीवरच आहे, असं संगणकाला वाटू लागलं. पुढे ताऱ्यांची मोजमापं घेऊन त्याला ठिकाणावर आणावं लागलं.

पुढच्याच वर्षी चंद्रावर उतरलेल्या अपोलो ११ च्या यानात अडचण निराळीच आली. चंद्रावरून वर येण्याचं इंजिन सज्ज करणाऱ्या सर्किट ब्रेकरचं टोकच मोडून पडलं होतं. त्या चिंचोळ्या जागेत पाठीवरची अवजड पेटी घेऊन वावरताना तिचा धक्का लागला असावा. बझ ऑल्ड्रिननं त्या भोकात फेल्ट पेनचं टोक खुपसून ते बटण आत ढकललं. मनुष्यजातीच्या त्या सर्वांत महागड्या प्रवासाची परतीची वाट पेनाच्या टोकानं उघडली, हे मला त्या सगळ्या मोहिमेतलं सर्वांत घरगुती दृश्य वाटतं.

विमानवाल्यांनी या प्रश्नाचा अभ्यास त्याही आधी सुरू केला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक पंखांच्या फ्लॅप्सऐवजी चाकं मिटवण्याचं बटण दाबत. अल्फॉन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला यात वैमानिकांची बेफिकिरी दिसली नाही. त्यानं पाहिलं, की दोन्ही बटणं शेजारी शेजारी आणि हुबेहूब सारखी आहेत. मग चाकांच्या बटणाला छोटं रबरी चाक आणि फ्लॅप्सच्या बटणाला पाचरीसारखं टोक लावण्यात आलं. अंधारातही बोटाला कळावं म्हणून. ही चूक थांबली. आमच्या भिंतीवरच्या त्या सहा सारख्या बटणांबद्दल मी म्हणते, ते हेच.

३० जून १९८७ रोजी लॉस एंजेलिसहून निघालेल्या डेल्टा कंपनीच्या बोइंग ७६७ विमानात कॅप्टनला इंजिनाच्या एका नियंत्रकाचं बटण बंद करायचं होतं. हात पडला इंधनाच्या बटणांवर. दोन्ही इंजिनं बंद. खाली समुद्र. विमान पाण्यापासून काहीशे फुटांवर येईपर्यंत इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि सगळे वाचले. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं ७६७ च्या त्या बटणांपाशी अडसर बसवायला लावला.

१२ जून २०२५ ची अहमदाबादची दुर्घटना आपण कुणीच विसरलेलो नाही. एअर इंडियाचं ड्रीमलायनर कोसळून विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. महिन्यानं आलेल्या प्राथमिक अहवालात नमूद होतं, की उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांची इंधनाची बटणं साधारण एका सेकंदाच्या अंतरानं 'बंद' स्थितीत गेली आणि सुमारे दहा सेकंदांनी ती पुन्हा चालू केली गेली. ती का आणि कशी गेली, हे त्या अहवालात सांगितलेलं नव्हतं. तेव्हा आपण घरबसल्या निकाल देऊ नये. पण त्या दिवसांत घराघरांत एक प्रश्न विचारला गेला, की अशी बटणं चुकून हलतात का? ती सहज हलू नयेत, अशीच त्यांची रचना असते. दांडी आधी स्प्रिंगच्या विरुद्ध वर उचलायची आणि मगच खाचेवरून पलीकडे न्यायची. नुसता ढकलून उपयोग नाही.

या रचनेत सगळ्या संरक्षणाचं सार आहे. चुकीचा धक्का एकाच दिशेनं येतो. 'आधी उचला, मग ढकला' अशा दोन वेगळ्या हालचाली ओळीनं सहसा आपोआप घडत नाहीत, त्यासाठी मनात तसं असावं लागतं. आपल्या स्वयंपाकघरात हीच युक्ती रोज वापरली जाते. बहुतेक शेगड्यांची बटणं आधी आत दाबून मग फिरवावी लागतात. पदर अडकून गॅस सुरू होऊ नये, म्हणून. विजेच्या बटणांना मात्र आपण ही सोय क्वचितच मागतो.

मागायची तर तारतम्य मात्र हवं. ब्रिटनमध्ये मुलांच्या काळजीपोटी प्लगच्या भोकांत प्लास्टिकची बुचं बसवत असत. तिथल्या प्लग पॉइंटना आतून आपोआप मिटणारी झडप असतेच. उलट वेड्यावाकड्या मापाच्या बुचानं तीच उघडी राहू शकते, म्हणून २०१६ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं आपल्या इस्पितळांना ही बुचं वापरू नका असं कळवलं. आणि काही बटणं तर झाकून चालतच नाहीत. सरकत्या जिन्याचं लाल बटण कुणी टवाळ मुलगा दाबतो आणि म्हाताऱ्या माणसांना उभा जिना चढावा लागतो, हे खरं. पण कुणाची साडी जिन्यात अडकली, तर तेच बटण क्षणात हाताशी यायला हवं.

माझं माहेर संगमनेरजवळच्या गावातलं. शेतीची लाईन तिथे वर्षानुवर्षं पाळीनं आली, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. थंडीत रात्री उठून विहिरीवर जायला नको, म्हणून स्टार्टरला 'ऑटो स्विच' लावायची पद्धत पडली. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय, की हे ऑटो स्विच काढा, सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन ट्रान्सफॉर्मर जळतात. मला ट्रान्सफॉर्मरपेक्षा भावाची काळजी वाटते. लाईन नाही म्हणून तो मोटर उघडून बसतो, आणि लाईन कधी येईल हे त्याच्या हातात नसतं. इथे बटण दाबायला कुणी लागतच नाही. त्याच्या पाठीमागे लागून मी आता एवढं करून घेतलं आहे, की मोटरीला हात लावण्याआधी तो मेन पाडतो, पेटीला कुलूप घालतो आणि किल्ली करगोट्याला अडकवतो.

कारखान्यांत हीच पद्धत शास्त्र म्हणून पाळतात. अमेरिकेनं १९८९ मध्ये तिचा नियमच केला. यंत्रावर जितकी माणसं काम करतात, तितकी कुलपं मेन स्विचच्या कडीला पडतात. प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही, तोवर वीज सुरू करणं साहेबालाही शक्य नाही.

आमच्या इमारतीत गेली वीस वर्षं एकच वायरमन येतात. त्यांनी हा नियम वाचलेला नाही. पण जुन्या बोर्डावर किटकॅट फ्यूज होते, तेव्हा ते फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घालत आणि मगच वर येत. मी एकदा विचारलं, मेन बंद केला तर पुरत नाही का? म्हणाले, "वहिनी, मेन कुणीही लावतो. लाईट गेली म्हणून माणूस खाली येतो, बघतो, लावतो. त्याला काय माहीत, वर मी तार धरून बसलोय?" आता मीटरच्या खोलीत एमसीबी आले. काढून खिशात घालण्यासारखं काही उरलं नाही. एमसीबीच्या दांडीला अडकवायची छोटी क्लिप आणि कुलूप बाजारात मिळतं, ते मी त्यांना आणून दिलं. क्लिप आमच्या जुन्या बोर्डाला बसली नाही.

तेव्हापासून ते भाच्याला बरोबर आणतात. त्याला एमसीबीसमोर स्टूल टाकून बसवतात. पोरगा मोबाइल बघत असतो, पण जागचा हलत नाही. मागच्या महिन्यात लिफ्टच्या लाईनचं काम होतं. सोसायटीचे अध्यक्ष भाजीच्या दोन पिशव्या घेऊन आले आणि दोन मिनिटं लिफ्ट चालू कर म्हणाले. पोरानं मान वर केली. "मामा खाली उतरले की लावतो, काका." अध्यक्षांनी आपण कोण आहोत ते सांगून पाहिलं. मग पिशव्या उचलल्या आणि पाच मजले चढून गेले.