खिडकीएवढें आकाश

‘दृष्टिकोन’ हा शब्द आपण मतभेदाच्या प्रसंगीं इतक्या वेळां वापरतों कीं, त्यांत एक ‘कोन’ दडलेला आहे याचें आपणांस भानही राहत नाहीं. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं मात्र या शब्दाच्या भूमितींतल्या अर्थाचा चांगलाच ऊहापोह झाला. त्याला निमित्त झाला आमचा पुतण्या.

हा मुलगा वैमानिकाचें शिक्षण घेत आहे. सुटींत हात मोडूं नये म्हणून त्यानें घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा हुबेहूब आभास घडविणारें सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याला सिम्युलेटर म्हणतात तें, घेतलें होतें. विमान वर नेणें, वळविणें हें सारें त्याला उत्तम साधे. पण उतरतांना चाकें दर वेळीं धावपट्टीवर आदळत. जमिनीजवळ येतांच नाक किंचित् उचलून विमान अलगद टेकवावयाचें असतें. तें उचलावयास त्याला हटकून उशीर होई. चौथ्या दिवशीं तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि म्हणाला, “काका, मला बहुधा हें जमणार नाहीं.” त्याच्या शिक्षणासाठीं घरावर कर्ज काढलेलें. त्या एका वाक्यानें पंगतींतल्या सर्वांचाच घास हातांत राहिला.

रात्रीं मी त्याच्या शेजारीं जाऊन बसलों. आमच्या मातुश्रीही जपमाळ घेऊन तेथें आल्या. पडद्याकडे पाहून त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, विमान तर अगदी जवळ आलें म्हणतोस, मग ती धावपट्टी अजून काडीएवढी कां रे?”

“आजी, दोन्ही बाजू दिसाव्या म्हणून मीं दृश्य रुंद करून घेतलें आहे,” तो म्हणाला. दुखण्याचें मूळ तेथेंच होतें.

माडीवरच्या खिडकीला नाक लावून उभें राहिलें म्हणजे अंगणांतल्या तुळशीवृंदावनापासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत सारें दिसतें. चार पावलें मागें सरलें कीं, समोरच्या घराचीं कौलें तेवढीं उरतात. संगणकाचा पडदा हीही एक खिडकीच. परंतु पाहणारा तिच्यापासून किती दूर बसला आहे, हें सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाहीं. तें समोरच्या दृश्याचा कांहीं अंशांचा भाग घेतें आणि पडद्यावर बसवितें. या भागाच्या कोनाला दृष्टिक्षेत्र म्हणतात. तो कोन वाढविला कीं तेवढ्याच चौकटींत अधिक जग कोंबलें जातें आणि प्रत्येक वस्तु लहान होते. कमी केला कीं वस्तु मोठ्या होतात, पण बाजूचें जग चौकटीबाहेर जातें. यालाच आपण ‘झूम’ म्हणतों.

खरा कोन काढणें सोपें आहे. पडद्याच्या अर्ध्या रुंदीला डोळ्यांपासूनच्या अंतरानें भागावें. येणारी संख्या ज्या कोनाचा ‘टॅन’ असेल, त्याची दुप्पट करावी. आमच्या घरचा पडदा २७ इंची, म्हणजे सुमारें ६० सेंटिमीटर रुंद, आणि पुतण्या बसे तोही ६० सेंटिमीटरवर. भागाकार आला ०.५, आणि कोन सुमारें ५३ अंश. त्यानें ठेवला होता ९० अंश! त्याच्या अर्ध्याचा टॅन १. म्हणजे समोरची प्रत्येक वस्तु खऱ्याच्या निम्मी दिसत होती, जणूं ती दुप्पट अंतरावर आहे. डोळे ग्वाही देत कीं जमीन अजून दूर आहे, आणि जमीन तर चाकांखालीं आलेली असे. दोष हाताचा नव्हता, साक्षीदाराचा होता.

मग सर्वांनीं नेहमीं खराच कोन कां ठेवूं नये? कारण माणसाचे दोन डोळे मिळून आडवें सुमारें २०० अंशांचें जग पाहतात. त्यापुढें ५३ अंश म्हणजे दाराची फट. धावपट्टीकडे वळतांना ती बाजूला कोठें आहे, हें त्या फटींतून दिसत नाहीं. उलट, दूरचें पाहण्यास ५३ अंशही कधीं अपुरे पडतात. १० मीटर पंखविस्ताराचें विमान ५ किलोमीटरांवर असलें, तर आडव्या १,९२० ठिपक्यांच्या पडद्यावर मध्यभागीं तें ९० अंशांत जेमतेम दोन ठिपक्यांएवढें, ५३ अंशांत चार आणि ३० अंशांत सात ठिपक्यांएवढें उमटतें. खिडकी एक आणि गरजा तीन, असा हा पेंच आहे.

एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थानें १९२९ मध्यें बिंगहॅमटन येथें वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यांतले भाते वापरून आपलें शिक्षणयंत्र बनविलें. १९३४ मध्यें टपाल वाहतांना सैन्याचे अनेक वैमानिक प्राणास मुकले, तेव्हां अमेरिकन सैन्यानें अशीं सहा यंत्रें घेतलीं. त्यांत बाहेरचें दृश्यच नव्हतें. ढगांत केवळ उपकरणांवर भरवसा ठेवण्यास तें शिकवी. आज विमान कंपन्यांच्या मोठ्या सिम्युलेटरांत वक्र आरशांच्या योगानें सुमारें १८० अंशांचें दृश्य खऱ्या मापांत दाखवितात. घरीं तें शक्य नाहीं. म्हणून येथें विवेकानें निवड करावी लागते.

ही निवड एका कळीची आहे. फ्लाइटगिअर या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्यें ‘एक्स’ ही कळ दाबली कीं कोन अरुंद होतो, शिफ्टसह दाबली कीं रुंद, आणि कंट्रोलसह दाबली कीं पूर्ववत् होतो. एक्स-प्लेनमध्यें आडवा कोन अंशांतच ठरवितां येतो. एक गफलत मात्र टाळावी. डोळ्यांची जागा पुढें सरकविणें म्हणजे झूम नव्हे. तसें केल्यानें समोरचीं उपकरणें मोठीं होतात, दूरची धावपट्टी होती तेवढीच राहते. झूम केल्यानें दोन्ही सारख्याच प्रमाणांत वाढतात.

त्या रात्रीं आम्हीं तीन नियम ठरविले. उतरतांना खरा कोन ठेवावा व मध्यें तो बदलूं नये. बाजूचें पाहण्यास दृश्य रुंद न करितां नजरेची दिशा वळवावी. खऱ्या विमानांतही आपण मानच वळवितों. बारीक आंकडे वाचावयास झूम करावें, पण वाचून होतांच पूर्ववत् करावें. त्यानें ५३ अंश ठेवले. पहिल्या दोन खेपांस नाक फार लवकर उचललें गेलें, कारण डोळ्यांना चार दिवसांची वाईट संवय लागली होती. पांचव्या खेपेस चाकें टेकलीं तीं कळलींसुद्धां नाहींत.

मातुश्रींनीं माळ डोळ्यांना लावली आणि म्हणाल्या, “आतां जा, दूध ठेवलें आहे तें घे.” घरांतल्या मुलाला एखादी गोष्ट साधत नाहींसें दिसलें, तर त्याच्या योग्यतेविषयीं मत बनविण्यापूर्वीं तो कोणत्या खिडकींतून पाहत आहे, हें वडीलधाऱ्यांनीं एकदां त्याच्या शेजारीं बसून पाहावें. आम्हीं हें चार दिवस उशिरां केलें.