सुगम्य पुस्तकालय

केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया या संस्थासंघाच्या सहकार्याने ऑगस्ट 2016 मध्ये छापील पुस्तके वाचता न येणाऱ्यांसाठी जे ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू केले, त्याचा पाया यंत्राइतकाच कायद्यानेही घातलेला आहे. छापील पान वाचून दाखविणारे यंत्र रे कुर्झवाईल यांनी अमेरिकेत 1976 सालीच सिद्ध केले होते. परंतु यंत्र हाती असूनही, प्रकाशकाच्या परवानगीवाचून ग्रंथाची ध्वनिरूप वा संगणकीय प्रत करून इतरांस देणे कायद्याच्या कचाट्यात सापडण्याजोगे असल्यामुळे, एकेका पुस्तकासाठी अर्जविनंत्या करीत बसणे प्राप्त होई. 2012 च्या दुरुस्तीने आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात अपंग वाचकांसाठी नफ्याविना अशी प्रत करण्याची मुभा मिळाली, आणि अशीच मुभा देणाऱ्या, 2013 साली माराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास जून 2014 मध्ये सर्वांआधी मान्यता देणारे राष्ट्र भारतच ठरले. केवळ दृष्टिहीनच नव्हे, तर अक्षरांची जुळणी करताना अडखळणारा किंवा हातांनी पुस्तक धरू न शकणारा विद्यार्थीही त्या कराराच्या कक्षेत येतो.

येथील डेझी पद्धतीचा ग्रंथ म्हणजे निव्वळ ध्वनिमुद्रण नव्हे. प्रकरणे, उपशीर्षके आणि पृष्ठांक यांच्या खुणा त्यात गुंफलेल्या असल्याने, पूर्वी कॅसेटची फीत पुढेमागे फिरवून जो उतारा हुडकावा लागे, तेथे विद्यार्थी क्षणार्धात पोहोचतो.

मराठी ग्रंथांची वाट मात्र निराळ्याच ठिकाणी अडते. आपल्या अक्षरजुळणीच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या संचांतील जुने फाँट वापरले गेले; त्यांत पडद्यावर सुबक ‘क’ दिसत असला तरी पोटात भलत्याच चिन्हाचा संकेतांक दडलेला असतो, आणि स्वतः अंध असलेल्या मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात 2006 साली आरंभिलेली, विनामूल्य मिळणारी एनव्हीडीए ही वाचक-आज्ञावली आकृती न पाहता संकेतांकच उच्चारीत असल्याने, ज्ञानेश्वरीवरील एखादा विद्वत्तापूर्ण प्रबंधही तिच्या मुखातून निरर्थक बडबड होऊन बाहेर पडतो. छापील पानावरून मजकूर उचलावा, तर शिरोरेघेने एकमेकांस जखडलेली अक्षरे आणि जोडाक्षरे यंत्रास चकवितात. म्हणून मुद्रितशोधकाची नजर टाळता येत नाही. त्यावर आणखी उच्चाराचा पेच! जगात जगायचे म्हटले, तर त्या दोन ‘ज’कारांतील भेद लिपी दाखवीत नाही, तो यंत्राने कोठून जाणावा?

माझ्या मते हा खटाटोप बव्हंशी टाळता येण्याजोगा आहे. प्रत्येक अक्षराचा संकेतांक ठरवून देणाऱ्या युनिकोडमध्ये जुळविलेली आणि शीर्षकांच्या खुणा राखलेली मूळ फाईल प्रकाशकाने छपाईबरोबरच पुस्तकालयाकडे सुपूर्द केली, तर पान पुन्हा यंत्राखाली धरण्याचे कारणच उरणार नाही. भूमितीच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. तेथे वर्तुळाला बाहेरच्या कोणत्या बिंदूतून स्पर्शिका काढली आहे आणि त्रिज्येशी तिचा काटकोन कोठे होतो, हे आकृती पाहून कोणा जाणत्या शिक्षकालाच लिहून द्यावे लागते.