‘फॉन्ट फुटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

लग्नपत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सॲपवर येतं आणि त्यात ‘निमंत्रण’चं ‘नमिंत्‌रण’ झालेलं असतं. चौकातल्या फ्लेक्सवर ‘हार्दिक’चं ‘हार्‌दकि’. डिझायनर म्हणतो, फॉन्ट फुटला. मग सगळं मॅटर दुसऱ्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप होतं आणि नव्या चुका शिरतात. हे ‘फुटणं’ डीटीपीवाल्यांनी पावसाळ्यातल्या खड्ड्यांसारखं स्वीकारून टाकलं आहे. त्याबद्दलचे काही समज मात्र तपासायला हवेत.

गैरसमज: फॉन्ट खराब आहे, दुसरा टाका.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा फॉन्ट बिचारा निर्दोष असतो. युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. ‘नि’ म्हणजे आधी न, मग वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल करण्याचं आणि त्‌ व र यांचा ‘त्र’ घडवण्याचं काम सॉफ्टवेअरमधलं टेक्स्ट इंजिन फॉन्टमधले नियम वाचून करतं. त्याने ते नियम वाचलेच नाहीत, तर न, वेलांटी, म अशी रांग जशीच्या तशी लागते. वेलांटी ‘म’ची वाटते, त पायमोडका होतो आणि र अख्खाच्या अख्खा उरतो.

म्हणजे फुटतं ते फक्त चित्र. मजकूर शाबूत असतो. खात्री करायची तर तोच शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, ‘निमंत्रण’ नीट दिसेल. इनडिझाइनमध्ये मजकूर निवडून परिच्छेदाच्या पॅनेलमधून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लावला की अक्षरं जागेवर येतात. एकही फाइल उघडी नसताना तो निवडला, तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला तोच लागू होतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात हे इंजिन बदलावं लागे. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या आवृत्तीपासून सगळ्या लिप्यांना एकच इंजिन मिळालं. प्रीमिअरमध्येही ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असतो, तेव्हा सबटायटल फुटली तर आधी तिथे पाहा. करोडोंची लिपी एका आडबाजूच्या खिडकीत दडवून ठेवणं हा ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीचा दोष आहे, ते मान्यच. पण तो मराठीचा दोष नव्हे.

गैरसमज: युनिकोड इंटरनेटसाठी ठीक, छपाईला जुनेच फॉन्ट बरे.

वस्तुस्थिती: जुने फॉन्ट ही एक हुशार पळवाट होती. एका फॉन्टात जेमतेम २५६ घरं. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी काने, वेलांट्या आणि अर्धी अक्षरं बसवली. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच, फक्त चित्रं मराठी. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं आणि त्याची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ची, त्यामुळे तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. पण प्रत्येक कंपनीने घरं आपापल्या मर्जीने भरली, म्हणून फॉन्ट बदलला की गिचमिड. त्यात शोध चालत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही. टाइप १ प्रकारच्या फॉन्टांना तर ॲडोबीने जानेवारी २०२३मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून रजा दिली. ज्यांच्या जुन्या फाइली त्यांत अडकल्या, त्यांना ‘जुनंच बरं’ म्हणणं महागात पडलं.

गैरसमज: ‘ॲप’मधल्या ॲच्या जागी चौकोन आला, म्हणजे टाइपिंग चुकलं.

वस्तुस्थिती: हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसणारच. इथे मात्र फॉन्ट खरोखर बदला.

गैरसमज: शिरोरेषेला तडे गेले, म्हणजे प्रिंटर बिघडला.

वस्तुस्थिती: इंग्रजी मथळ्यांच्या सवयीने मराठी अक्षरांत मोकळी जागा सोडली की रेघ तुटते. ट्रॅकिंग शून्यावर आणा. याचं उलटं दुखणंही आहे. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून शेजारची अक्षरं एकमेकांवर किंचित चढवलेली असतात. मथळ्याला रंगीत किनार दिली की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. त्यासाठी मथळ्याच्या एका प्रतीला जाड किनार देऊन ती खाली ठेवायची आणि बिनकिनारीची प्रत वर.

गैरसमज: हिंदी काय, मराठी काय, देवनागरी एकच. भाषा कुठलीही निवडा.

वस्तुस्थिती: मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे. अनेक चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी ठेवली तरच आपलं वळण बाहेर येतं. ‘वाऱ्यावर’मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. दिसतो सारखाच, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर कित्येकदा सापडत नाही. पुस्तकाची सूची करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज: कर्व्ह केलं की चिंता मिटली.

वस्तुस्थिती: कर्व्ह केल्यावर अक्षरांची चित्रं होतात. बरोबर दिसत होतं ते बरोबर राहतं आणि फुटलेलं ‘नमिंत्‌रण’ही कायमचं गोठतं. छपाईला कर्व्ह केलेली प्रत जरूर द्या, पण प्रूफ त्याआधी वाचा आणि डिझायनरकडून मूळ फाइलही मागून घ्या. मुहूर्ताची वेळ ऐनवेळी बदलते, ती चित्रात दुरुस्त होत नाही.