‘बाहेरचं’ झालंय म्हणण्याआधी

मराठवाड्यात मनाचं दुखणं स्वतःच्या नावाने फारसं येत नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत धडधडतं’, ‘हातापायाची आग होते’, ‘कशातच मन लागंना’ अशा शब्दांत ते येतं. मग ईसीजी निघतो, सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की घरात दोनच अर्थ लावले जातात : माणूस ढोंग करतोय, नाहीतर त्याला ‘बाहेरचं’ काही झालंय. दोन्ही चूक. नैराश्य आणि चिंतेचे आजार झोप, भूक, पचन, हृदयाचे ठोके या सगळ्यांत उतरतात. केलेल्या तपासण्या वाया जात नाहीत, कारण थायरॉइड बिघडला तरी अशाच तक्रारी होतात आणि ते आधी पाहावंच लागतं. पण नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीत जे शोधलं ते सापडलं नाही. त्रास खराच असतो आणि त्याला दाखवायला जागाही असते.

ती जागा कुठली, इथेच पुढचा गैरसमज उभा राहतो. मनाचा डॉक्टर म्हटलं की आपल्याकडे अजून येरवडा आठवतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे मनाचा उपचार म्हणजे गाव सोडून लांब जाणं, उंच भिंतीआड राहणं, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या पक्कं झालं. प्रत्यक्षात बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. केस पेपर काढायचा, ओपीडीत बोलायचं, गोळ्या किंवा समुपदेशन घेऊन संध्याकाळच्या आत घरी यायचं, असाच हा उपचार असतो. छत्रपती संभाजीनगरात १९५६मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या घाटीत, मानसोपचार विभाग आहे. चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे मिनी घाटी म्हणतात, ते सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे आणि या विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३पासून उपचार निःशुल्क आहेत. खेड्यातल्या माणसाने आधी आशाताईशी बोललं तरी चालतं. २०१५मध्ये शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशांनी घरोघर जाऊन माणसांची विचारपूस करायची आणि गरज दिसली तर पुढे पाठवायचं, अशी रचना झाली. आपला जिल्हा त्या १४ जिल्ह्यांतला आहे.

घराबाहेर पडायचीच हिंमत होत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी तो सुरू केला. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

‘आमच्यात असलं कुणाला नाही’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीत फार ऐकू येतं. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. दहा माणसांत एक. आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. म्हणजे ‘आमच्यात नाही’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ घरांत आजार असतो, पण तो कुणाला दाखवलेला नसतो.

आता ‘बाहेरच्या’कडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त महिने आणि पैसे तिथेच जातात. खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाणारे असतात, तिथल्याच दर्ग्यात डोकं टेकवणारेही असतात. त्या जागी मनाला आधार मिळत असेल तर तो कुणी काढून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. गोळी आणि प्रार्थना यांचं भांडण नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम चालवतात. दर्ग्यात आलेला माणूस तिथल्या तिथे डॉक्टरलाही भेटतो. भांडण सुरू होतं ते गोळ्या बंद करायला सांगितल्यावर, किंवा माणसाला बांधून ठेवल्यावर. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी इथे आग लागली. तिथे साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून गेले. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे ठरवले आहेत. आणि २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की मनोरुग्णाला कुणीही, कशासाठीही साखळीने बांधता येणार नाही. हा कायदा मे २०१८पासून लागू आहे.

‘बाहेरचं’ समजून होणारी एक चूक तर थेट जिवावर बेतते, आणि ती दारूशी जोडलेली आहे. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस श्रावण लागला म्हणून किंवा गळ्यात माळ घातली म्हणून एका दिवसात दारू बंद करतो. घरच्यांना आनंद होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. अंगावर किडे चढतायत, कोपऱ्यात कुणी उभं आहे, असं तो सांगायला लागतो. कधी फिट येते. घर म्हणतं, देवाचा कोप झाला, किंवा कुणीतरी करणी केली. प्रत्यक्षात मेंदूला दारूची सवय झालेली असते आणि ती अचानक तुटल्याने हे होतं. अशा माणसाला त्याच रात्री दवाखान्यात न्यावं लागतं, कारण उपचार न झाल्यास यात माणूस दगावू शकतो. दारू सोडण्याचा निर्धार चांगलाच आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने तो डॉक्टरांना सांगून, त्यांच्या देखरेखीखाली अंमलात आणावा, एवढीच विनंती. ‘ठरवलं की सुटते’ हे व्यसनाबाबत अर्धंच खरं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून मराठी माणसापुढे व्यसन हा आजार म्हणूनच मांडला गेला आहे. पुन्हा पिणं हाही त्या आजाराचाच भाग असतो. तेव्हा ‘तुला आमची किंमतच नाही’ म्हणत तोंड फिरवण्यापेक्षा परत दवाखान्याची वाट धरावी.

‘एकदा गोळ्या सुरू झाल्या की जन्माची सवय लागते.’ या भीतीला एका बाजूने आधार आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते. आपल्या शहरात ‘बटन’ म्हणून चोरून विकल्या जातात त्या मुळात अशाच औषधी गोळ्या. म्हणून त्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत आणि शेजारणीला बरं वाटलं म्हणून आपण तर मुळीच घेऊ नयेत. पण नैराश्याची मुख्य औषधं या प्रकारची नसतात. त्यांची नशा चढत नाही, लालसा लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात. गोंधळ इथेच होतो : पहिल्या आठवड्यात मळमळतं, गुण काही दिसत नाही, आणि माणूस गोळ्या सोडून देतो. किंवा दोन महिन्यांत बरं वाटतं म्हणून एकदम थांबवतो. चक्कर, अस्वस्थता सुरू झाली की ‘बघा, सवय लागलीच’ असं ठरतं. बहुतेक वेळा बरं वाटल्यानंतरही काही महिने औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात.

सगळ्यांत नाजूक गैरसमज शेवटी घेतो. ‘आत्महत्येचं नाव काढलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल.’ राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. विचारल्याने विचार पेरला जात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. उलट, महिनाभर एकट्याने वाहिलेलं ओझं बोलायला माणसाला वाट मिळते. विचारायचं साध्या शब्दांत : ‘दादा, जगण्याचाच कंटाळा आलाय का? जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश नको, लेकरांची शपथ नको. ऐकायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टरकडे आपण सोबत जायचं.

‘ज्याने ठरवलंय त्याला कोण अडवणार’ हेही खरं नाही. तो टोकाचा क्षण अनेकदा थोडाच वेळ असतो. श्रीलंकेने १९९५नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. कपाशीच्या आपल्या पट्ट्यात फवारणीचे डबे घरातच असतात. ते कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे देणं हे कुणालाही जमणारं काम आहे.

आत्महत्येचा प्रयत्न झाल्यावर पोलीस केसच्या भीतीने माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर करतात, तो तर करूच नये. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. दवाखान्यात एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद होते, पण ती नोंद म्हणजे गुन्हा नव्हे.

पहिल्यांदा ओपीडीत जाताना आधीच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. मांत्रिकाने किंवा वैदूने काही पुडी दिली असेल तर तीही न्यावी, लपवू नये. मानसोपचारतज्ज्ञ औषध लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात आणि गोळ्या लिहून देत नाहीत. कधी दोघांचीही गरज पडते. सोबत गेलेल्याने आपल्याला दिसलेलं सांगावं, पण सगळी उत्तरं आपणच देऊ नयेत. माणूस म्हणाला, ‘मला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय’, तर उठून बाहेरच्या बाकावर बसावं.