बाटली सुटली, हात थांबला का?

नागपुरात जरीपटक्याजवळच पागलखाना चौक आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे पडलेलं हे नाव अजून ऑटोवाल्यांच्या तोंडी आहे. नवऱ्याची दारू सोडवायला निघालेल्या बाईला त्या नावाचाच धाक वाटतो. ‘माणूस चांगला आहे, पिल्यावरच बिघडतो,’ असं ती सांगते आणि दंडावरचा वळ पदराखाली घेते.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दारूमुळे मेंदूच्या पुढच्या भागाचा लगाम सैल होतो आणि समोरच्याचा एखादा शब्दच तेवढा टोचत राहतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवरा वारंवार झिंगून येणाऱ्या बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी त्याचा शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसला होता. न पिणाऱ्यांच्या घरी हे प्रमाण २३ टक्के होतं. माझी नजर या २३ वरच अडते. तिथे तर बाटली नव्हतीच.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिमद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी मोजक्या बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ४२ टक्के पुरुष दारूपासून दूर होते. या बैठका न मिळालेल्या गटात १८ टक्के. एवढं यश मिळूनही जोडीदाराला होणाऱ्या मारहाणीत फरक दिसला नाही.

कारण साहेबासमोर, पोलिसासमोर हाच हात उठत नाही. बायकोवर उठतो, तो हक्काच्या समजुतीनं. त्यात दारू सोडल्यावर कित्येक आठवडे झोप लागत नाही, चिडचिड होते, दबलेलं नैराश्य वर येतं. बायकोवरचा संशय बाटलीबरोबर जाईलच असं नाही. घरचे ‘सुटली एकदाची’ म्हणून पेढे वाटतात, आणि ती रात्री कडीचा आवाज ऐकत जागी असते. तिचं नैराश्य कुठल्याच केसपेपरवर येत नाही.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रानं व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट सुरू केला, तो म्हणूनच मला मोलाचा वाटतो. व्यसनमुक्तीच्या प्रत्येक केंद्रात नवऱ्याला बाहेर बसवून बायकोशी वेगळं बोललंच पाहिजे. त्याच्यासमोर विचारलं, तर ती ‘दार लागलं’ एवढंच सांगेल, आणि घरी गेल्यावर त्या प्रश्नाचीही किंमत तिलाच मोजावी लागेल. १८१ हा महिला मदतक्रमांक तिच्याकडून तोंडपाठ करून घ्यावा, चिठ्ठीवर नको. चिठ्ठी त्याच्या हाती लागते.