सही कोणाची, निर्णय कोणाचा?

आज अहिल्यानगर जिल्ह्यातले डॉक्टर, परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी ऐकतायत, म्हणून उदाहरण इथलंच घेऊ.

समजा, पारनेर तालुक्यातल्या एक सत्तरीच्या आजी रुग्णालयात आल्यात. साखर वाढलेली, पायाची दोन बोटं काळी पडलेली. डॉक्टर म्हणतात, बोटं काढावी लागतील. आजी म्हणतात, "नको, मी घरी जाते." मुलगा म्हणतो, "साहेब, तिला काय कळतंय? द्या कागद, मी सही करतो."

कागद मुलाच्या हातात देण्याआधी आपण एक गोष्ट तपासायची असते. हा निर्णय घ्यायची क्षमता आजींकडे आहे का? त्यालाच निर्णयक्षमतेचं मूल्यमापन म्हणतात.

ही क्षमता वयावरून ठरत नाही, शिक्षणावरून नाही आणि निदानावरूनही नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 4 तीन गोष्टी पाहतं: माहिती समजते का, परिणामांची जाणीव आहे का आणि निर्णय कळवता येतो का. तो बोलून, हावभावाने, खुणेने, कसाही कळवला तरी चालतो. माहितीही रुग्णाला कळेल अशा सोप्या भाषेत द्यायची. आणि महत्त्वाचं म्हणजे, निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही. हा कायदा मानसिक उपचारांपुरता आहे, पण हे प्रश्न इतर उपचारांतही उपयोगी पडतात.

आता आजींकडे परत जाऊ. "समजलं ना?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी विचारा, "आजी, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." आजी म्हणाल्या, "बोटं नाही काढली तर इख वर चढंल, जीव बी जाईल. पण मला कापाकापी नको," तर त्यांना समजलंय. निर्णय आपल्याला पटो न पटो, तो त्यांचा आहे. मग भीती कशाची, खर्चाची की परावलंबी होण्याची, हे विचारत बोलणं चालू ठेवायचं. पण त्या म्हणाल्या, "पायाला काही झालंच नाही, चप्पल चावलीय," तर शंका घ्यायला जागा आहे.

तेव्हाही घाई नको. ताप, जंतुसंसर्ग, साखर उतरणं यांमुळे माणूस भ्रमात जातो आणि उपचारानंतर शुद्धीवर येतो. ऐकू येत नसेल तर जवळ जाऊन बोला. क्षमता त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते, म्हणून पुन्हा तपासा. जीव धोक्यात असेल आणि रुग्णाला काहीच सांगता येत नसेल, तर मात्र थांबायचं नसतं.

नातेवाइकाच्या सहीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली खटला लक्षात ठेवा. दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेली असताना, आईच्या संमतीवर रुग्णाचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. तातडीचं कारण नव्हतं, त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

हे सगळं ऑनलाइन शिकता येतं का? कायदा, व्हिडिओवरची प्रकरणं, प्रश्नावली एवढं नक्की येतं. शेवगाव किंवा अकोल्यात ड्यूटी करणाऱ्याला त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. पण विचारण्याची सवय पडद्यावर लागत नाही. म्हणून प्रत्येक धड्यानंतर दोघांनी जोडी करा, एक रुग्ण, एक तपासणारा, आणि आपल्या बोलीत सराव करा. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या बायकांना आरोग्याचं ज्ञान दिलं, त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. नीट सांगितलं तर माणसाला कळतं, हे जामखेडने दाखवलंय.

शेवटी नोंद. केसपेपरवर फक्त "रुग्णाचा नकार" लिहू नका. काय सांगितलं, काय विचारलं आणि आजी काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. पुढच्या पाळीतल्या डॉक्टरला आजींचं म्हणणं तिथूनच कळणार आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.